लॅव्हेलांचं नाक

फेस्टी लॅव्हेलचं नाक लांब आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की विनी गॉननं लपवून ठेवलं. चांगलं लांब, मध्ये किंचित वाकलेलं, आणि हिवाळाभर टोकाला एक थेंब. आमच्या क्लूनमोरमध्ये लॅव्हेलांची नाकं तीन पिढ्या अशीच आहेत. पण त्या नाकापायी बाकी कुणाचं लग्न तेवीस वर्षं अडलं नाही. ते फक्त फेस्टीचं अडलं.

मी इथली पोस्टमास्तरीण. माझ्या खिडकीतून समोर डाव्या हाताला टार्मींचा पब दिसतो आणि उजव्या हाताला फेस्टीचं दुकान, त्यामुळे मला चौकशा कराव्या लागत नाहीत, नुसतं मान वर करून बघावं लागतं. फेस्टी शवपेट्या बनवतो आणि तसबिरींना चौकटी करतो. दोन्ही धंदे बापाकडून आलेले. शवपेटीच्या कडेला नक्षीची पट्टी लागते ना, तिचा उरलेला तुकडा तसबिरीला. लॅव्हेलांच्या घरी काही वाया जात नाही. म्हणून गावातल्या घराघरात भिंतीवरचा पोप आणि जमिनीखालचा आजोबा एकाच लाकडातले आहेत.

आता यात गोम अशी, की चौकट चित्राच्या मापाची कधीच होत नाही, तुकडा उरला असेल त्या मापाची होते. चित्र मोठं निघालं तर फेस्टी कापत नाही, मागे दुमडतो. कागदाला कात्री लावायची नाही, ही बापाची शिकवण. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत नवऱ्याचे पाय असे मागे दुमडलेत. मी भांडायला गेले तर म्हणतो कसा, "आहेत ना तिथेच! कुठे पळून गेलेत का?"

टार्मींच्या पबात शेकोटीच्या वर एक चित्र होतं. शंभरेक वर्षांपूर्वी डब्लिनची साप्ताहिकं अंकासोबत एक मोठं रंगीत राजकीय व्यंगचित्र फुकट द्यायची. बातमी कुणी वाचो न वाचो, चित्र मात्र प्रत्येक झोपडीत भिंतीला लागायचं. हे त्यातलंच एक, जमिनीच्या लढ्याच्या, म्हणजे कुळं जमीनदारांविरुद्ध उठली त्या दिवसांतलं. झोपडीच्या दारात भरदार छातीचा, सरळ नाकाचा, देखणा जवान शेतकरी फावडं रोखून उभा. त्याच्यामागे बायको, कडेवर लेकरू. समोर पोलिसांची पलटण. कोपऱ्यात हार्प घेतलेली एक सुंदर बाई ढसाढसा रडतेय. ती बाई म्हणजे खुद्द आयर्लंड देश, हे शाळेत शिकलेल्यांना ठाऊक, पण पबात मात्र ती थेडी टार्मीची बॉस्टनला गेलेली आत्या असं ठरलेलं होतं. आणि पोलिसांच्या आडोशाला, हातात पिशवी घेऊन, चोरासारखा वाकून आत बघणारा एक काळ्या टोपीतला माणूस. त्याचं नाक हे एवढं लांब.

"हा दारातला माझा बाप," थेडी सांगायचा. थेडी पबचा मालक, आता शहाऐंशीचा. "मायकल टार्मी. एकटा, सोळा पोलिसांना भारी पडला!" अमेरिकेहून आलेले पाहुणे चित्राकडे बघायचे, मग थेडीकडे बघायचे, आणि गप्प बसायचे. कारण थेडी म्हणजे बुटका, वरचा ओठ हातभर, भुवया झुडपासारख्या, आणि कान असे की मगाला दोन्हीकडून दांडे बसवलेत. टार्मी घराण्यात कुणीच देखणं नाही. डीलिया, त्याची मुलगी, तेवढी आईवर गेली, देवाची कृपा.

हे चित्र थेडीला बापाच्या पेटीत गुंडाळी करून ठेवलेलं सापडलं, डीलियाच्या जन्माच्या वर्षी. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी ते पबात लागलं. चौकट केली फेस्टीच्या बापानं, आणि खिळा ठोकायला स्टुलावर चढलाही तोच. खिळा ठोकला, चित्र लटकवलं, खाली उभ्या मंडळींनी ग्लास वर केले. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "तो लांब नाकाचा कोण हो?" त्याच क्षणी फेस्टीचा बाप हातोडी घेऊन स्टुलावर आडवा वळला. भिंतीवर एक नाक, त्याच्या शेजारी दुसरं नाक. झालं! सगळ्या पबानं एकदम श्वास घेतला, असं माझी आई सांगायची.

त्या दिवसापासून लॅव्हेल जमीनगिळे झाले. जमीनगिळ्या म्हणजे शेजाऱ्याला जमीनदारानं हुसकावलं की त्याची जमीन गुपचूप आपल्या नावावर करून घेणारा. आमच्या मेयो परगण्यात लोक खुन्याला एक वेळ जेवायला वाढतील, जमीनगिळ्याला पाणी विचारणार नाहीत. फेस्टीच्या आजानं कधी कुणाची जमीन घेतली होती का? कुणाला आठवत नव्हतं. पण चित्रात होतं ना! छापलेलं होतं ना! त्याच्यापुढे आठवण कुणाची चालते?

लोकांनी लॅव्हेलांकडून शवपेट्या घेणं काही सोडलं नाही. मरायचं कुणाला टळलंय? पण पबच्या पुढच्या दारानं लॅव्हेलांना बंदी. बाजूच्या बोळात बिस्किटाच्या डब्याएवढी एक खिडकी आहे, तिथून काळ्या बिअरचा ग्लास मिळायचा. फेस्टी रोज संध्याकाळी सहाला तिथे उभा राहायचा आणि आतून डीलिया ग्लास द्यायची. ग्लास द्यायला किती वेळ लागतो? डीलियाला पाऊण तास लागायचा. त्याच खिडकीतून एकोणीसशे छप्पन साली फेस्टीनं तिला मागणी घातली, आणि त्याच खिडकीतून ती हो म्हणाली.

थेडीनं आतून ऐकलं. "ते चित्र माझ्या भिंतीवर आहे तोवर," तो गरजला, "हा जमीनगिळ्या माझ्या पुढच्या दारातून आत येणार नाही!" आणि डीलियाला म्हणाला, "तुला जायचं तर जा. मी मेल्यावर पेटी तेवढी दुसऱ्या गावाहून मागव."

डीलिया गेली नाही. आई वारलेली, भाऊ ऑस्ट्रेलियात, म्हाताऱ्याला चहाही करता येत नाही. ती सत्तावीसची होती. पन्नाशीची होईपर्यंत ती खिडकीच्या आत आणि तो बोळात. पाऊस आला तर ती छत्री बाहेर काढून त्याच्या डोक्यावर धरायची. माझ्या जिवाचा संताप व्हायचा ते बघून. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, त्या चित्राला आग लाव की!" ती म्हणाली, "विनी, माझ्या बापाकडे दुसरं आहे काय?"

मग एकोणऐंशी साल आलं, जमिनीच्या लढ्याची शताब्दी. शाळेच्या सभागृहात जुन्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन ठरलं. डब्लिनच्या एका ग्रंथालयातल्या मिस प्रेंडरगास्ट येऊन भाषण करणार होत्या. थेडीचं चित्र अर्थातच हवं होतं. पण पन्नास वर्षांच्या धुरानं काच अशी काळी झालेली, की सोळा पोलिसांतले चारच दिसत होते. काच पुसायची तर चौकट उघडायला हवी, आणि चौकट उघडणार कोण? थेडी तीन दिवस कुरकुरला, मग म्हणाला, "दे त्याला. पण खिडकीतून दे." चित्र खिडकीतून मावेना. डीलिया ते पुढच्या दारानं घेऊन निघाली आणि भर रस्त्यात तिनं फेस्टीच्या हातात दिलं.

मी खिडकीतून ओरडले, "फेस्टी! चित्र भिंतीवरून उतरलंय! घुस की आत आत्ताच्या आत्ता!"

"रविवारी परत चढणार, विनी," तो म्हणाला. असा हा माणूस. बैलासारखा सरळ आणि बैलासारखाच सावकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोस्टात आला. पेन्शनच्या रांगेत दोन म्हाताऱ्या होत्या, त्या जाईपर्यंत जवसाच्या पोटिसाची जाहिरात वाचत उभा राहिला. मग त्यानं कोटाच्या आतून ते चित्र काढलं आणि माझ्या तराजूशेजारी पसरलं.

"खाली बघ," तो म्हणाला.

चित्राच्या खाली दोन इंचाची पट्टी होती. कागद तिथे नव्या नोटेसारखा स्वच्छ. मध्ये घडीची रेघ. फेस्टीच्या बापाची चौकट दोन इंच कमी पडली होती आणि त्यानं ते दोन इंच मागे दुमडले होते. त्यावर छापलेलं होतं ते मी मोठ्यानं वाचलं:

"पॅट, आयर्लंडचा शेतकरी: काय साहेब, पिशवीत काय आणलंत?
लंडनचे मंत्रिमहाशय: तुझ्यासाठी नवा कायदा आणलाय, बाळा.
पॅट: मग तो घ्या आणि आल्या पावली परत फिरा."

मी पुन्हा वाचलं. मग मी त्या नाकाकडे बघितलं.

"मंत्री?" मी म्हटलं. "हे मंत्र्याचं नाक आहे?"

"दिसतंय तसं."

"आणि तुझ्या बापानं हे वाचलं नाही?"

"बापाला आयरिशमधली प्रार्थना तेवढी वाचता यायची. इंग्रजी नाही."

म्हणजे बघा! लंडनच्या कुठल्याशा मंत्र्याला देवानं लांब नाक दिलं, डब्लिनच्या चित्रकारानं ते आणखी ओढलं, आणि भोगलं कुणी, तर आमच्या फेस्टीनं. वर, ते सांगणारा मजकूर त्याच्या बापानं स्वतःच्या हातानं मागे दुमडला! मला हसू आवरेना, आणि हसता हसता असा राग आला की हातातला शिक्का मी नुसत्या टेबलावर चार वेळा आपटला.

"चल," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता थेडीच्या तोंडासमोर धरू."

फेस्टी पट्टीवरून बोट फिरवत होता. "पहिली ओळ वाच परत," तो म्हणाला. "पॅट. पॅट म्हणजे कोण? कुणीही. मायकल टार्मी नाही. माझं नाक सुटेल विनी, पण थेडीचा बाप जाईल. शहाऐंशीव्या वर्षी कुणाचा बाप काढून घ्यायचा?"

"तेवीस वर्षं, फेस्टी! तेवीस वर्षं तू बोळात उभा आहेस!"

"सवय झालीय," तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं ती पट्टी होती तशी मागे दुमडली. मला वचन द्यायला लावलं की मी गावात कुणाला सांगणार नाही.

वचन मी मोडलं नाही. मिस प्रेंडरगास्ट गावातल्या नव्हत्या. मी त्यांना संध्याकाळच्या टपालानं दोन ओळी लिहिल्या: भाषणात टार्मींच्या पबातल्या, अकरा नंबरच्या चित्रातल्या नाकाबद्दल जरूर बोलावं, लोकांना फार उत्सुकता आहे. निरोप पोचवणं हे पोस्टाचं कामच आहे, मी काही वेगळं केलं नाही.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर सगळं गाव सभागृहात. थेडी पहिल्या रांगेत, काळा सूट, छातीवर बापाचं घड्याळ. डीलिया चहा आणि हॅमचे सँडविच फिरवत होती. फेस्टी मागे दाराशी, नेहमीसारखा. मिस प्रेंडरगास्ट म्हणजे काडीसारखी बारीक बाई, चष्म्याला दोरी, आणि आवाज मात्र स्टेशनमास्तरचा. त्यांनी डब्लिनच्या प्रत्येक चित्राशेजारी त्याच महिन्यातलं लंडनचं चित्र लावलं होतं. एकच भांडण, पण समुद्राच्या अलीकडून आणि पलीकडून.

अकरा नंबरपाशी आल्यावर त्यांनी छडी उचलली. "हे नाक कुणाचं, असं मला खास विचारण्यात आलंय," त्या म्हणाल्या. मी छताकडे बघू लागले. "अहो, हे तर त्या काळचं आयर्लंडमधलं सगळ्यात बदनाम नाक! लंडनहून आलेला मंत्री. डब्लिनच्या चित्रात याचं नाक महिन्याला इंचभर वाढायचं. आणि हे शेजारचं लंडनचं चित्र बघा, त्यात त्याच मंत्र्याचं नाक कसं छान, सरळ आणि आखूड!"

सभागृहातली सगळी डोकी एकदम मागे दाराकडे वळली, फेस्टीच्या नाकाकडे. फेस्टी लाल झाला. पन्नास वर्षं ज्यांनी त्याला जमीनगिळ्या म्हटलं, ती माणसं आता टोप्या कुरवाळत होती. मला वाटलं, आता टाळ्या वाजवाव्यात.

पण थेडी उठून उभा राहिला. "आणि दारातला?" त्यानं विचारलं. "तो दारातला कोण?"

"तो पॅट," मिस प्रेंडरगास्ट मोकळेपणानं म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? "म्हणजे कुणीच नाही. आयर्लंडचा कुठलाही शेतकरी. दर आठवड्याला हाच चेहरा काढायचे. माझ्याकडे असे चाळीस आहेत."

खाली बसताना थेडीनं खुर्चीची पाठ चाचपली, आंधळ्यासारखी. डीलिया हातातली थाळी तशीच धरून बापाकडे बघत राहिली. माझी मला लाज वाटली. ते पत्र टपालातून परत काढता आलं असतं तर मी दहा वेळा काढलं असतं. फेस्टी बरोबर होता, मी चुकले होते, आणि शहाऐंशी वर्षांचा म्हातारा सगळ्या गावासमोर पोरका झाला होता.

तेव्हा मागून फेस्टी पुढे आला. त्या सभागृहात मी त्याला कधी पहिल्या रांगेपर्यंत येताना पाहिलं नव्हतं. तो थेट लंडनच्या चित्रापाशी गेला. त्यात झोपडी म्हणजे डुकराचं खुराडं, आणि दारातला आयरिश शेतकरी म्हणजे निव्वळ माकड. बुटकं, कमरेला पिस्तूल, बगलेत व्हिस्कीची बाटली. लंडनवाले आम्हाला तेव्हा असंच काढायचे. सगळ्या आयरिश माणसांना एकच माकडाचं तोंड.

"मिस," फेस्टी म्हणाला, "हा मात्र कुठलाही नाही. याला कुणीतरी समोर बघून काढलंय." आणि त्यानं माकडाच्या कानाला बोट लावलं. "हे कान बघा."

आम्ही कान बघितले. मगाचे दांडे. मग वरचा ओठ बघितला. हातभर. भुवया झुडपासारख्या. मग सगळं सभागृह सावकाश थेडीकडे वळलं आणि परत चित्राकडे. मागे कुणीतरी म्हणालं, "अगं आई गं!"

मिस प्रेंडरगास्ट तोंड उघडणार होत्या, की असे कान लंडनवाले सरसकट सगळ्यांनाच काढायचे. मी त्यांच्या पायावर पाय दिला. बाई शिकलेली असली तरी हुशार होती. "शक्यता... नाकारता येत नाही," त्या म्हणाल्या.

थेडी उठला. काठी टेकत चित्रापर्यंत गेला, चष्मा लावला, नाक कागदाला टेकवलं. बराच वेळ.

"बाबा," तो म्हणाला. एवढंच. आणि त्याचे डोळे वाहू लागले. मग तो गर्रकन वळला. "अरे, माझा बाप दर उन्हाळ्यात इंग्लंडला कापणीला जायचा! लिंकनशायरला! तिथेच बघितला असणार त्या चित्रकार लेकाच्यानं! आणि घाबरला असणार! बघा, कमरेला पिस्तूल दिलंय! त्या डब्लिनवाल्यानं काय दिलं होतं? फावडं!"

आता टाळ्या वाजल्या. थेडीनं फेस्टीच्या कोटाला धरलं. "याला चौकट कर. शेकोटीवर लावायचाय."

मिस प्रेंडरगास्ट म्हणाल्या, आमच्याकडे दुसरी प्रत आहे, ही तुम्हीच ठेवा.

"शेकोटीवर खिळा एकच आहे, थेडी," फेस्टी म्हणाला.

"मग ते जुनं काढून टाक! तो पॅट का कोण, तो माझा कुणी लागत नाही."

डीलियानं थाळी खाली ठेवली. "बाबा," ती म्हणाली, "परत सांगा. ते जुनं चित्र आता आपल्या भिंतीवर नसणार?"

"नाही म्हटलं ना! किती वेळा..." आणि थेडी थांबला. त्याला स्वतःचं छप्पन सालचं वाक्य आठवलं असावं, कारण आधी त्याचे कान लाल झाले, मग बाकीचं तोंड. त्यानं फेस्टीचं नाक खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुझ्या बापानं तेव्हा तोंड का उघडलं नाही?" त्यानं विचारलं.

"चित्राखालचा मजकूर चौकटीत मावेना, म्हणून त्यांनी ते दोन इंच मागे दुमडले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं."

"मला येत होतं," थेडी म्हणाला. "मी पेटीतून काढलं तेव्हा नुसतं चित्र बघितलं. खालचं वाचलंच नाही." मग काठीकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असा, "दिवसा आमच्या पुढच्या दाराला कडी नसते."

मंगळवारी फेस्टी चौकट घेऊन आला. आणि कुठे जाऊन उभा राहिला? बोळात! सवयीनं! खिडकीवर टकटक केली. मी एक पत्र हातात घेऊन रस्ता ओलांडला. पत्र कुणाचं होतं ते विचारू नका.

आतून डीलिया म्हणाली, "माकड इथून मावत नाही, फेस्टी. समोरून ये."

तो वळसा घालून पुढच्या दारी आला आणि पायपुसण्यावर पाय पुसत राहिला. पुसतोय, पुसतोय, थांबायचं नाव नाही. डीलिया दारात आली. तिनं दोन बोटं वर केली, मध्ये दोन इंचांचं अंतर ठेवून.

"एवढं, फेस्टी," ती म्हणाली. "एवढंसं लाकूड! तुझ्या बापाला एवढंसं लाकूड मिळालं नाही?"

फेस्टीनं प्रामाणिकपणे विचार केला. "मिळालं असतं," तो म्हणाला, "पण त्या आठवड्यात वारलेला माणूस उंच होता."

डीलिया त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती हसायला लागली, दाराची चौकट धरून, पोटाला हात लावून, आणि हसता हसता कधी रडू लागली ते तिलाही कळलं नसेल. तो तसाच उभा, माकड छातीशी धरून, नाकाच्या टोकाला थेंब.

तिनं ॲप्रननं आधी त्याचं नाक पुसलं, मग आपले डोळे.

"ये," ती म्हणाली. "आणि दार लावून घे. आतून."